मोफत टॅब मिळतो, पण गरिबीच्या नावाने नाही

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला ६६ टक्के मार्क मिळवून पास झाली. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतलाय. मिस्टर गवंडीकाम करतात, मी शेतात मजुरीला जाते. आम्ही माळी समाजाचे, रेशनकार्ड केशरी. मुलीला अभ्यासाला टॅब हवाय. मुलगा आठवीत आहे, तोही मागतो. व्हॉट्सॲपवर ‘प्रधानमंत्री मोफत टॅबलेट योजना’ असा मेसेज आला होता. त्यावर मुलीच्या आधारकार्डाचा फोटो आणि ३५० रुपये पाठवले, पुढे काहीच झालं नाही. आता गावातला ऑनलाइनवाला म्हणतो, १,५०० द्या, महाज्योतीचा टॅब पास करून आणतो. मिस्टरांचा जातीचा दाखला आहे, मुलीचा काढलेला नाही. आधी आम्ही पिंपरीला कामाला होतो, तीन वर्षांपूर्वी गावी आलो. माझं आधार गावच्या पत्त्यावर आहे, मुलीचं अजून पिंपरीचंच. मिस्टरांनी मागे बांधकाम कामगारांची पेटी घेतली होती, त्याचा काही उपयोग होईल का? टॅब खरंच मिळतो का? आणि आमच्या वस्तीवर रेंज नसते, तर मिळून फायदा काय?
— एक आई, तालुका श्रीगोंदा

उत्तर : ताई, महाज्योती ही सरकारी संस्था खरी आहे आणि टॅबही खरा आहे. खोटा आहे तो मेसेज, आणि खोटे आहेत ते दीड हजार रुपये.

आधी ३५० रुपयांचं पाहू. देशातल्या सगळ्या गरीब मुलांना टॅब वाटणारी कुठलीही प्रधानमंत्री योजना नाही. ‘मोफत लॅपटॉप’, ‘मोफत टॅब’ असे मेसेज फिरत असतात आणि केंद्र सरकारच्या पीआयबीने (पत्र सूचना कार्यालयाने) ते वेळोवेळी खोटे असल्याचं जाहीर केलंय. २०१९ मध्ये तर दोन कोटी लॅपटॉप वाटण्याचं आमिष दाखवणारी वेबसाइट चालवणाऱ्याला दिल्ली पोलिसांनी पकडलं होतं. लोक फसतात त्याला एक कारण आहे. दुसऱ्या राज्यांत टॅब खरोखर वाटले गेलेत. उत्तर प्रदेशात कॉलेजच्या मुलांना मोफत मिळाले, गुजरातेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना १,००० रुपये घेऊन ‘नमो’ टॅब दिले, हरियाणात २०२२ साली सरकारी शाळांतल्या मोठ्या वर्गांना दिले. त्या वाटपाचे व्हिडिओ खरे असतात. त्याखाली आपल्याकडचा कोणीतरी खोटी लिंक चिकटवतो.

तुम्ही आता एवढं करा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे ज्या दिवशी गेले ती तारीख आणि व्यवहाराचा नंबर सांगा. दिवस उलटले असतील तर ३५० रुपये परत येण्याची आशा कमीच, पण तक्रार नोंदलेली बरी, कारण मुलीचं आधार त्यांच्याकडे गेलंय. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा आधार केंद्रावर मुलीचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे) लॉक करून घ्या. मात्र हे लॉक खाली सांगितलेलं पत्त्याचं काम झाल्यावर लावा, नाहीतर दोनदा खटाटोप होईल. त्या मेसेजसोबत एखादी ‘एपीके’ फाइल (ॲप बसवणारी फाइल) मोबाइलमध्ये उतरवली असेल तर ती काढून टाका आणि फोनपे-गुगलपेचा पिन बदला.

आता मुख्य गोष्ट. महाराष्ट्रात केवळ घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून टॅब मिळत नाही. केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड दाखवून टॅब घ्यावा असं एकही खातं नाही. टॅब मिळतो तो एखाद्या शिकवणीच्या प्रवेशाबरोबर, त्या शिकवणीचं साधन म्हणून. त्यामुळे ‘टॅबचा अर्ज’ शोधत बसलात तर खोट्या लिंकाच सापडतील. शोधायचा तो शिकवणीचा अर्ज.

तुमच्यासाठी ती शिकवणी महाज्योतीची. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था हे तिचं पूर्ण नाव. ती राज्य सरकारची, २०१९ साली स्थापन झालेली, नागपूरची संस्था. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ती काम करते. अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची ऑनलाइन तयारी ती मोफत करून घेते, आणि त्यासाठी निवड झालेल्यांना टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट देते. माळी समाज इतर मागासवर्गात येतो, म्हणजे तुमचं दार बरोबर आहे. (तुमच्या शेजारणीने विचारलं तर सांगा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. प्रत्येकीच्या योजना आणि अटी वेगळ्या. एकीचा फॉर्म दुसरीकडे चालत नाही, आणि एकाच प्रकारच्या शिकवणीचा लाभ दोन ठिकाणी घेता येत नाही.)

अर्जाला फी नाही. निवड दहावीच्या टक्केवारीवरून, प्रवर्गनिहाय यादी लावून होते. मुलींसाठी, दिव्यांगांसाठी आणि अनाथ मुलांसाठी त्यातच समांतर आरक्षण असतं. यादी मार्कांवर लागते म्हटल्यावर ‘पास करून आणतो’ याला काही अर्थच उरत नाही. त्या ऑनलाइनवाल्याने फॉर्म भरला, कागद स्कॅन केले, तर त्याची पन्नास-शंभर रुपये मजुरी देणं रास्त आहे. दीड हजारांत तो वेगळं काहीही करू शकत नाही. मुलीचं नाव यादीत आलंच तर तो म्हणेल माझ्यामुळे आलं, नाही आलं तर म्हणेल वरून अडलं. दोन्हीकडून त्याचं फावतं.

६६ टक्के आणि पिंपरीचा पत्ता

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पत्त्याचं आहे, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात. महाज्योतीच्या जाहिरातींत दहावीच्या मार्कांची अट दोन प्रकारची असते: ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याला किमान ६० टक्के, शहरी भागातल्याला किमान ७०. आणि विद्यार्थी ग्रामीण की शहरी हे आधारकार्डावरच्या पत्त्यावरून ठरवतात. म्हणजे तुमची मुलगी गावात राहते, गावच्या शाळेत शिकली, तरी आधारवर पिंपरी असेल तर ती शहरी धरली जाईल आणि ६६ टक्क्यांवर दारातच अडेल. तेच आधार गावच्या पत्त्यावर झालं की ती पात्र होते.

हे काम फॉर्म भरण्याआधी झालं पाहिजे, नंतर नाही. सुदैवाने आत्ता ते फुकटात होऊ शकतं. मुलांना १५ वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. हे सक्तीचं अपडेट १५ ते १७ या वयात मोफत आहे, आणि त्याच वेळी पत्ताही बदलून घेतला तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. नुसता पत्ता बदलायला गेलात तर ७५ रुपये लागतात. मुलीच्या नावाचा पत्त्याचा पुरावा नसला तरी अडत नाही. तुमचं आधार गावचं आहे, तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणून तुम्ही स्वतः तिच्याबरोबर आधार केंद्रावर जा. सोबत तुमचं मूळ आधार आणि तुम्ही आई आहात हे दाखवणारा कागद न्या. मुलीचं नाव असलेलं रेशनकार्ड किंवा तुमचं नाव असलेला तिचा जन्मदाखला चालतो. पावती जपून ठेवा. नवा पत्ता चढायला चार दिवस लागतील किंवा महिनाही लागेल, म्हणून हे काम याच आठवड्यात करा. तुम्ही खरोखर गावात राहता, त्यामुळे यात खोटं काही नाही. पुण्यात राहून मार्कांसाठी मामाच्या गावचा पत्ता टाकणाऱ्यांनी मात्र हा सल्ला आपल्यासाठी समजू नये.

केंद्रावर गेल्यावर नावही तपासा. दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच आधारवर हवं: आधी आडनाव की आधी स्वतःचं नाव याने फारसं बिघडत नाही, पण ‘बाळासाहेब’ एका ठिकाणी आणि ‘बाळू’ दुसऱ्या ठिकाणी असेल तर पुढे प्रत्येक दाखल्याला अडेल.

हे सगळं करूनही एक लक्षात ठेवा. ६० टक्के म्हणजे फक्त अर्ज करण्याचा हक्क. जागा मर्यादित असतात आणि यादी वरून खाली येते. ६६ टक्क्यांवर नाव लागेलच असं कोणी सांगू शकत नाही.

चार दाखले, आणि त्यांचा क्रम

बहुतेक अर्ज बाद होतात ते मार्कांमुळे नाही, दाखल्यांमुळे. जाहिरात निघाल्यावर पालक धावतात, आणि अर्जाची मुदत संपते तेव्हा त्यांचा नॉन-क्रिमीलेअर दाखला (घर सधन गटात मोडत नाही याचा) अजून प्रांत कचेरीत असतो. जाहिरातीची वाट न पाहता दाखले आजच काढायला टाका.

लागतात ते असे: तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, मुलीचा जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला (ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो), आणि नॉन-क्रिमीलेअर. हे सगळे ‘आपले सरकार’ पोर्टलवरून निघतात. घरून स्वतःचं खातं उघडून अर्ज करता येतो किंवा सेतू केंद्रातून. उत्पन्न आणि अधिवास तहसीलदार देतात, जात आणि नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत.

गोची क्रमात आहे. नॉन-क्रिमीलेअरला मुलीचा जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही जोडावे लागतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी निघतो. आज उत्पन्न, जात आणि अधिवास हे तीन अर्ज एकाच दिवशी टाका. ते हातात आले की लगेच नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाच्या दाखल्याला कायद्याने १५ दिवसांची मुदत आहे. बाकी सगळं धरून दीड-दोन महिने गृहीत धरा. जून-जुलैत सगळ्या तालुक्याची मुलं रांगेत असतात. मुदतीत दाखला मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याच पोर्टलवर अपील करता येतं. नुसता अपिलाचा उल्लेख केला तरी पुष्कळदा टेबलावरचा कागद हलतो.

उत्पन्नाचा दाखला मागताना नेमकं ‘तीन वर्षांचा’ असं सांगा. बरेच लोक सवयीने एक वर्षाचा काढतात आणि नॉन-क्रिमीलेअरच्या वेळी तो परत येतो. त्यासाठी तलाठ्याचा (पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं असेल) उत्पन्नाचा अहवाल, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र लागतं. नॉन-क्रिमीलेअरची मर्यादा वर्षाला ८ लाखांची आहे आणि त्यात पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. गवंड्याच्या आणि शेतमजुराच्या घराला तिची काळजी करायचं कारण नाही. तुमचं उत्पन्न कमी आहे म्हणून नॉन-क्रिमीलेअरची गरज नाही, असं मात्र समजू नका. केशरी कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. अर्ज बाद होण्याचं हे एक ठळक कारण आहे. ज्यांच्याकडे जुना नॉन-क्रिमीलेअर आहे त्यांनी त्यावरची वैधता वाचावी. तो ३१ मार्चला संपलेला असेल तर निरुपयोगी.

जातीच्या दाखल्याचं काम तुमच्या घरी सोपं आहे, कारण वडिलांचा दाखला आहे. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४. मिस्टरांनी त्यांच्या वेळी जो पुरावा दिला होता त्याचीच प्रत काढून जोडा, वंशावळ जोडा. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आधी नीट वाचा. तिथे जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ किंवा ‘मराठी’ असं लिहिलेलं आढळतं. तसं असेल तर शाळेतून दुरुस्ती करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती दुरुस्ती नंतर फार जड जाते.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा असं कुणी सांगितलं तर आणू नका. शैक्षणिक कामाच्या या दाखल्यांसाठी मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. शासनाने हे २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आणि जातीचा दाखला आला की कॉलेजातून जात पडताळणीचा अर्जही टाकून द्या. टॅबसाठी तो लागत नाही. पण बारावीनंतर राखीव जागेवर इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल काहीही घ्यायचं तर लागतो, आणि तेव्हा त्याच्यामागे पळापळ करण्यात अख्खा उन्हाळा जातो.

फॉर्म भरताना

महाज्योतीची वेबसाइट ‘महाज्योती डॉट ओआरजी डॉट इन’ आहे. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नेच संपतो असं आपण शिकवतो, पण ही संस्था त्याला अपवाद आहे, त्यामुळे पत्ता एकेक अक्षर बघून टाइप करा आणि व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून कधीही जाऊ नका. तिथे नोटीस बोर्डवर त्या वर्षीची जाहिरात आणि अर्जाची लिंक असते. जाहिरात निघालेली नसेल तर अर्जही नसतो. आठवड्यातून एकदा बघत राहा. अर्ज फक्त ऑनलाइन घेतात, पोस्टाने किंवा ईमेलने पाठवलेला धरत नाहीत.

आधारच्या दोन्ही बाजू, दहावीचं मार्कशीट, अकरावी सायन्सचं बोनाफाईड, आणि वरचे जात, अधिवास व नॉन-क्रिमीलेअर हे दाखले एवढे कागद स्वसाक्षांकित करून अपलोड करायचे. स्वसाक्षांकित म्हणजे प्रतीवर मुलीने स्वतः सही करायची. दरवर्षीची यादी थोडी बदलते, म्हणून जाहिरात शेवटपर्यंत वाचा. मोबाइलने टिपलेला, सावली पडलेला, कडा कापलेला फोटो नको. मूळ कागद स्कॅन करून घ्या, आणि अपलोड झाल्यावर फाइल उघडून नंबर व शिक्का वाचता येतो का ते पाहा. दाखल्याच्या जागी सेतूची पावती अपलोड करणारेही आहेत. पावती म्हणजे दाखला नव्हे.

सगळ्यात मोठी चूक कागदांची नसतेच. फॉर्मवर ऑनलाइनवाला स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो, कारण ओटीपीसाठी तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावायला नको. मग निवड झाल्याचा, त्रुटी असल्याचा, टॅब घ्यायला या असा प्रत्येक मेसेज त्याच्याकडे जातो. तात्पुरत्या यादीवर हरकत घ्यायची मुदत थोडी असते, ती तुमच्या नकळत निघून जाते. मुलीच्या नावाने नवा ईमेल उघडा, पासवर्ड वहीत लिहा, नंबर तुमचा किंवा मिस्टरांचाच द्या आणि तो पुढची दोन वर्षं रिचार्ज करून चालू ठेवा. भरलेल्या अर्जाची प्रिंट घरी हवी.

नाव लागलं तर

टॅब वाटपाला बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावतात. मूळ कागद आणि मुलीला घेऊन जा. हातात आल्यावर पिशवीत टाकून निघू नका. तिथेच चालू करून पाहा, टच सगळ्या कोपऱ्यांत चालतो का बघा, चार्जर लावून चार्ज होतो का बघा, सिम चालू आहे का विचारा, सेटिंगमधला आयएमईआय नंबर (टॅबचा ओळख क्रमांक) आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का पाहा. खोकं आणि वॉरंटीचा कागद टाकू नका.

सही करण्याआधी हमीपत्र वाचा. शिकवणी मध्येच सोडली तर काय, टॅब हरवला तर काय, हे त्यात असतं. मुलगी अकरावीतून सायन्स सोडून आर्ट्सला गेली तर टॅबचा आधारच संपतो. अशा टॅबवर पुष्कळदा संस्थेचं सॉफ्टवेअरचं कुलूप बसवलेलं असतं. हवं ते ॲप उतरत नाही, रीसेट केलं तरी कुलूप जात नाही. दुकानदाराकडे नेऊन ते ‘फोडून’ घेऊ नका. वॉरंटी जाते आणि शिकवणीचं ॲपही बंद पडू शकतं.

पेटीचा उपयोग

होईल, आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी टॅबच्या यादीपेक्षा भरवशाचा मार्ग हाच आहे. पेटी आणि भांड्यांचा संच लोकांना ठाऊक असतो, पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून मुलांच्या शिक्षणाला मिळणारी रोख मदत बरेच जण मागतच नाहीत. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना ती मिळते. आठवी ते दहावीला वर्षाला ५,००० रुपये, हजेरी ७५ टक्के हवी. दहावी किंवा बारावीला ५० टक्के किंवा जास्त मार्क असतील तर १०,०००. अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००. तुमच्या घरात मुलीचा दहावीचा निकाल, तिची अकरावी आणि मुलाची आठवी अशा तीन स्वतंत्र बाबी होतात, आणि तिन्हींचे अर्ज वेगवेगळे टाकायचे.

अट एकच, नोंदणी जिवंत हवी. पेटी घेतल्यानंतर मिस्टरांनी दरवर्षी नूतनीकरण केलं नसेल तर ती आज बंद असणार. तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात आधार आणि नोंदणी क्रमांक घेऊन जा आणि स्थिती विचारा. नूतनीकरणाला मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. काही गावांत ग्रामसेवक तो द्यायला कचरतात, कारण बोगस नोंदण्यांमुळे त्यांच्यावर बालंट आलेलं असतं. मिस्टर ज्या ठेकेदाराकडे काम करतात त्याचा दाखला चालतो. पैसे थेट बँकेत येतात, तेव्हा खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत विचारून घ्या. इथेही एजंट बसलेले असतात आणि मदतीतला हिस्सा मागतात. द्यायचा नाही.

मुलाचं काय

आठवीच्या मुलाला तुमच्या भागात सरकारी टॅब नाही. मुंबई महापालिकेने २०१५ पासून आपल्या शाळांत आठवीच्या वर्गाला टॅब दिले होते, तशी सोय जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आपोआप मिळत नाही. त्याला नवा टॅब घेण्याची घाई नको असं मला वाटतं. आठवीचा अभ्यास बालभारतीच्या पुस्तकातून होतो, आणि ई-बालभारतीवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. मिस्टरांच्या फोनवर पुरे.

मंडळाचे पैसे आले आणि मुलीचं यादीत नाव लागलं नाही, तर त्या पैशांतून तिला टॅब घ्या. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि सिम घालता येणारा. फक्त वायफायवर चालणारा स्वस्त दिसतो, पण तुमच्याकडे वायफाय नाही. २ जीबी रॅमचा टॅब वर्षभरात शिकवणीच्या ॲपलाच हँग होतो. जुना घेत असाल तर ज्याच्या पाठीवर शासनाचं किंवा संस्थेचं चिन्ह आहे असा मुळीच घेऊ नका, तो कुलूपबंद निघतो आणि बहुधा विकण्याचा हक्कही विकणाऱ्याला नसतो. सिमचा टॅब असेल तर पैसे देण्याआधी ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं.

शिकवणीसाठी यादीत नाव असलंच पाहिजे असंही नाही. ‘साथी’ हे आयआयटी कानपूरने केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाबरोबर केलेलं पोर्टल जेईई-नीटसाठी मोफत आहे, जात-उत्पन्न काही विचारत नाही. मुलीचं लक्ष्य एमएचटी-सीईटी असेल तर आधी राज्य मंडळाची पुस्तकं घट्ट करायला सांगा. त्या परीक्षेत बहुतांश भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, साधारण २० टक्के अकरावीवर, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

वस्तीवर रेंज नाही

टॅब हातात येण्याआधीच एक पाहणी करून ठेवा: वस्तीवर, शाळेजवळ, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कॉलेजात कोणत्या कंपनीचं नेटवर्क किती चालतं. वाटपातलं सिम कोणत्या कंपनीचं येईल ते आपल्या हातात नसतं, पण ते कुठे चालेल हे आधी ठाऊक असलं की तासांचं वेळापत्रक बसवता येतं. थेट तास बुडाला तर त्याचं रेकॉर्डिंग ॲपमध्ये मिळतं का आणि ते टॅबवर साठवून ठेवता येतं का, हे पहिल्याच आठवड्यात शिकवणीच्या लोकांना विचारा. साठवता येत असेल तर कॉलेजात किंवा एसटी स्टँडवर रेंज आहे तिथे दिवसाचे ६ जीबी वापरून दोन-तीन दिवसांचे धडे उतरवून घ्यायचे आणि रात्री घरी बघायचे. तासाभराचं शिकवणीचं रेकॉर्डिंग साध्या दर्जात ठेवलं तर अर्ध्या जीबीच्या आसपास बसतं, त्यामुळे एका दिवसाच्या डेटात ते आरामात होतं. साठवता येत नसेल, तर जिथे रेंज धड आहे अशा नातेवाइकाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी संध्याकाळचे दोन तास बसायची सोय करा, आणि ती प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच बोलून ठेवा.